ओढ्यातला पिवळा मासा: जंगली माशांचे दुर्मीळ रंग जमवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या 'दुर्मीळ' माशांनी मला सहा महिने झुलवलं. दक्षिण अमेरिकेतल्या नदीतून पकडून आलेले बारा गोल्ड टेट्रा, अंगभर सोन्याचा वर्ख लावल्यासारखे. मी त्यांची वीण घेतली, रात्री उठून टॉर्च मारून पिल्लं मोजली, आणि ती मोठी झाली तेव्हा सगळीच्या सगळी साधी चंदेरी निघाली. विक्रेत्याने फसवलं असं वाटून मी त्याला फोनवर बरंच काही बोललो. नंतर वाचन केलं तेव्हा लाज वाटली. गोल्ड टेट्राचा सोनेरी रंग आईबापांकडून येतच नाही. नदीत असताना चपटकृमींची पिल्लं त्याच्या कातडीत शिरतात आणि त्यांच्याविरुद्ध मासा ग्वानिन नावाचं चकाकणारं द्रव्य कातडीत साठवतो. टाकीत जन्मलेल्या पिल्लांची त्या कृमींशी गाठच पडत नाही, म्हणून ती चंदेरी राहतात. थोडक्यात, मी एका आजाराची पैदास करायला बसलो होतो.

त्यानंतरच्या नऊ-दहा वर्षांत आणखी चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितो आहे. इथे 'जंगली' म्हणजे नदी, ओढा, तळं किंवा भातखाचरातून थेट पकडलेला मासा. बाजारात त्याला 'वाइल्ड कॉट' म्हणतात, आणि त्याच्या घरात जन्मलेल्या पहिल्या पिढीला 'एफ वन'.

१. आधी चार शब्द पक्के करा

माशाच्या कातडीत वेगवेगळ्या रंगपेशी असतात: काळ्या, पिवळ्या, तांबड्या आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या. यातला एखादा प्रकार बिघडला किंवा गायब झाला की मासा वेगळा दिसतो.

अल्बिनो म्हणजे काळं रंगद्रव्य बनतच नाही. डोळे लाल किंवा गुलाबी दिसतात. ल्युसिस्टिक मासा पांढरट असतो, पण डोळे काळेच. झँथिक म्हणजे काळं कमी आणि पिवळं वरचढ. मेलानिस्टिक म्हणजे उलटं, काळ्याचं राज्य.

डोळा आधी बघा. 'अल्बिनो' म्हणून विकायला ठेवलेल्या माशाचे डोळे काळे असतील तर तो अल्बिनो नाही. विक्रेता खोटं बोलतोय असंही नाही, बहुतेकांना हा फरक माहीतच नसतो.

रंग बदलला की जातच वेगळी वाटते, ही चूक तर शास्त्रज्ञांकडूनही झालेली आहे. आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला झेब्रा डॅनिओ तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा ठिपक्यांचा भाऊ लेपर्ड डॅनिओ १९६३ मध्ये 'ब्रॅकिडॅनिओ फ्रँकी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवला गेला होता. पुढे कळलं की तो झेब्राच आहे, फक्त पट्ट्यांचे ठिपके झालेले. याच झेब्राच्या फिकट 'गोल्डन' प्रकारावरून २००५ मध्ये रंगाचं एक जनुक सापडलं, एसएलसी२४ए५, आणि माणसाच्या त्वचेच्या रंगातही त्याचा मोठा हात असल्याचं दिसलं. पाच सेंटिमीटरच्या माशाने केवढं काम केलं बघा!

२. रंग स्वतःचा आहे की उसना, ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. पैसे इथेच बुडतात.

*घाबरलेला मासा.* पिशवीत आणि पांढऱ्या तळाच्या टाकीत बरेच मासे फिके पडतात. रात्रीही पडतात. पहाटे दिवा लावून काढलेला 'पांढरा' मळ्या दुपारपर्यंत नेहमीसारखा होतो. मासा गडद तळाच्या टाकीत पंधरा दिवस राहिला आणि तरीही रंग तोच असेल, तर पुढे बोलू.

*विणीचा रंग.* पावसाच्या सुरुवातीला नर बार्ब माशांचे रंग भडकतात. श्रावणात फोटो काढायचा आणि दिवाळीत विकायचा, हा धंदा जुना आहे.

*खाण्याचा रंग.* लाल-केशरी रंगातला मोठा भाग माशाच्या खाण्यातून येतो. रंग वाढवणारं खाद्य बंद झालं की दोन-तीन महिन्यांत उतरतो.

*हार्मोन.* लहान वयात किंवा मादीच्या अंगावर नरासारखा झगझगीत रंग दिसला, तर हार्मोन दिल्याचा संशय घ्या. असे मासे पुढे वीणही नीट देत नाहीत.

*सुई.* आपल्याकडचा पारदर्शक ग्लासफिश हा याचा ठरलेला बळी. गुलाबी, हिरव्या, निळ्या रेघांचे ग्लासफिश दिसले तर त्यांच्या अंगात सुईने रंग टोचलेला आहे असंच समजा. ते विकत घेऊ नका, 'सोडवायला' म्हणूनही नको. तुम्ही दोन सोडवलेत की दुकानदार चार मागवतो.

*कृमी.* गोल्ड टेट्राची गोष्ट सांगितलीच. तिचंच देशी रूप म्हणजे काळे ठिपके. ओढ्यातल्या माशांच्या अंगावर मोहरीएवढे काळे उंचवटे दिसतात, ती कातडीत गाठ करून बसलेली चपटकृमींची पिल्लं असतात. एकदा असाच 'मार्बल' मुरी मासा मला चढ्या भावात देऊ केला होता. बोट फिरवलं तर ठिपके हाताला लागत होते. रंग हाताला लागत नसतो.

*गटारातली दौलत.* मलेरियासाठी सोडलेले गप्पी मासे आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत आणि त्यांत हौशी लोकांनी टाकलेल्या रंगीत गप्पींचं रक्त मिसळलेलं आहे. नाल्यात निळ्या शेपटीचा गप्पी मिळाला म्हणजे जंगली रंग मिळाला, असं होत नाही. मुळात गप्पी आपला नाहीच, तो दक्षिण अमेरिकेचा.

या शेवटच्या सापळ्यात मी स्वतः अडकलो. कोकणातल्या मावसभावाने पाटात पिवळाधमक किली मासा धरला. आपल्या पश्चिम घाटातला पट्टेवाला किली, आप्लोकायलस लिनिएटस, पण पूर्ण पिवळा! मी रातोरात एसटी पकडली. याच माशाचा पिवळा प्रकार 'गोल्डन वंडर' नावाने दुकानात सर्रास मिळतो हे माहीत होतं, पण मोहापुढे कोण विचार करतो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा कळलं की पाटाच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसचा शोभेचा हौद आदल्या पावसात भरून वाहिला होता. तेव्हापासून कुठेही वेगळा मासा मिळाला की मी पहिला प्रश्न विचारतो, वर कोण राहतं?

३. जात अशी निवडा जी घरात वीण देते

एकटा वेगळा मासा हे एक कुतूहल आहे. तो मेला की संपलं. रंग पुढे न्यायचा असेल तर घरच्या टाकीत पिल्लं देणारी जातच घ्या.

नवख्यांना मी तीन सुचवतो. किली: दोरीच्या झुबक्याला अंडी चिकटवतो, ती दोनेक आठवड्यांत फुटतात. ऑरेंज क्रोमाइड: आईबाप दोघं पिल्लं सांभाळतात. आणि माझा लाडका चन्ना गचुआ, ओढ्यातला छोटा मरळ: यात बाप अंडी तोंडात धरतो. तीनही जाती आपल्या पाण्यातल्या आहेत, हीटर लागत नाही.

बोटिया लोच दिसायला देखणे असतात आणि उत्तर बंगालच्या जंगली खेपांत त्यांच्यात वेगळ्या रंगाचे नगही निघतात. पण घरच्या टाकीत ते वीण देत नाहीत. तो मासा म्हणजे शोकेस. तेवढंच हवं असेल तर खुशाल घ्या.

४. कायदा आणि कागद

कंटाळवाणं वाटेल, पण वाचा. रंग वेगळा असला तरी कायद्यासाठी जात तीच राहते. 'हा तर अल्बिनो आहे, संरक्षित जातींच्या यादीत कुठे आहे?' हा युक्तिवाद चालत नाही.

राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मासा उचलायचा नाही. चांदोली, कोयना, राधानगरी ही नावं मुद्दाम लिहितो, कारण तिथले ओढे मोह पाडतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा देवळाचा परिसर २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाला, तोही एका छोट्या लोच माशासाठी, शिस्टुरा हिरण्यकेशी. तिथे जाऊन पाय धुवा, नमस्कार करा, जाळी गाडीत ठेवा.

केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला 'मिस केरळ' म्हणजे डेनिसन बार्ब संकटग्रस्त आहे. त्याच्या पकडीवर केरळ सरकारने २००८ मध्येच निर्बंध घातले. त्याचा वेगळ्या रंगाचा 'जंगली' नग कोणी दाखवला तर हात लावू नका.

व्यापारासाठी जैविक संपत्ती घ्यायची तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. आपल्या राज्याचं मंडळ नागपूरला आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी नियम आणखी कडक आहेत. अनिवासी भारतीयाला संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी इथले मासे घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. सुट्टीत गावी येऊन चार मासे पिशवीत घालून परत न्यायचे, हा विचारही नको.

आशियाई अरोवाना मासा साइट्सच्या (दुर्मीळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, मग तो लाल असो की सोनेरी. अशा परदेशी जाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तुमच्या फाइलमध्ये एवढं असू द्या:

- खरेदीची पावती, त्यावर जातीचं शास्त्रीय नाव
- मासा कोणत्या नदीतला किंवा खोऱ्यातला, कधी पकडला, हे विक्रेत्याकडून लिहून घेतलेलं (व्हॉट्सअॅपचा मेसेजही चालेल, पण त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा)
- आयात असेल तर आयातदाराच्या परवान्याची आणि क्वारंटाइनच्या कागदाची प्रत
- साइट्सच्या यादीतली जात असेल तर नोंदणीची पावती
- मासा आला त्या दिवशीचे फोटो

पावती मागितल्यावर विक्रेता हसला तर तुम्हीही हसा आणि बाहेर पडा.

५. मासा मिळवायचा कसा

नवख्याने स्वतः पकडायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक वेगळा नग मिळायला हजारो साधे मासे हाताखालून जावे लागतात. नदीत हे प्रमाण कमी का असतं याचं उत्तर फ्लोरिडात मिळतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मत्स्यालयांसाठी आणलेले चालणारे मागूर बरेचसे अल्बिनो होते. निसटून बाहेर पडल्यावर पांढरे मासे शिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आले आणि काही वर्षांत तिथे गडद मागूरच उरले. पांढरा मासा म्हणजे बगळ्याला दिलेलं आमंत्रण.

म्हणून खेपा बघा. जंगली मासे घाऊक विक्रेत्याकडे शेकड्यांनी येतात. कोलकाता हे देशी जंगली माशांचं मोठं केंद्र आहे, आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याचा बाजार आहे. खेप कोणत्या वारी येते ते विचारा आणि त्या दिवशी सकाळी हजर राहा. मी टाकीसमोर स्टूल टाकून बसतो. अर्धा-पाऊण तास नुसतं बघायचं. चहा घ्यायचा. वेगळा नग बहुधा कोपऱ्यात किंवा कळपाच्या मागे असतो.

निवड करताना रंग शेवटी. आधी पोट खपाटीला गेलंय का, श्वास जलद आहे का, समोर खाद्य टाकल्यावर खातो का. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. हे लिहायला सोपं आहे, मी स्वतः तीनदा मोडलंय आणि तिन्ही मासे गेले.

आणि त्याच खेपेतले चार-सहा साधे मासे, नर-मादी मिळून, त्याच पावतीवर घ्या. नवखे नेमके हेच विसरतात. पुढच्या विणीसाठी त्याच नदीचा जोडीदार लागतो, आणि तीच खेप पुन्हा येत नसते.

चढणीच्या दिवसांत मासे मागवू नका. चढणीचे मासे, ज्यांना रायगडकडे वलगणीचे म्हणतात, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे. पोटात अंडी असलेली मादी प्रवासात टिकत नाही, आणि ओढ्याचंही नुकसान.

६. सामान

दोन फुटी टाकी (साधारण ६० लिटर), घट्ट झाकण, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, अमोनिया टेस्ट किट, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), बॅटरीवरचा एअर पंप, वेगळी हातजाळी, वेगळी बादली, देशी बदामाची वाळलेली पानं, खडेमीठ, प्राझिक्वांटेल (चपटकृमींवरचं औषध) आणि लेव्हामिसोल (गोल कृमींवरचं). गचुआ पाळणार असाल तर झाकणावर वीट ठेवा. गंमत नाही, माझा एक नग फ्रिजमागे सापडला होता. आणि झाकणाखाली हवेची जागा सोडा. तो हवा घ्यायला वर येतो, जागा मिळाली नाही तर पाण्यात गुदमरतो.

७. प्रवास आणि पहिले चाळीस दिवस

पाठवण्याआधी मासा एक-दोन दिवस उपाशी ठेवायला सांगा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, थर्माकोलचा खोका. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या बसने पार्सल घेऊ नका.

घरी आल्यावर दिवा बंद. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिला आठवडा औषध नाही, बदामाची पानं, काळोख आणि जिवंत खाद्य एवढंच. जंगली मासा दाणेदार खाद्याला खाद्य समजत नाही. डासांच्या अळ्या, गांडुळाचे तुकडे द्या, मग हळूहळू वळवा. अल्बिनोंना उजेड सोसत नाही आणि नजरही अधू असते, त्यामुळे खाद्य तोंडापुढे न्यावं लागतं. धडधाकट माशांबरोबर ठेवले तर ते उपाशी राहतात.

दुसऱ्या आठवड्यात मासा खाऊ लागला की प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिलीग्रॅम. नंतर गोल कृमींसाठी लेव्हामिसोल, तेवढंच. दोन्ही पंधरा दिवसांनी पुन्हा. लोच माशांवर मॅलाकाइट ग्रीनसारखी औषधं पूर्ण मात्रेत वापरू नका, त्यांना सोसत नाहीत.

चाळीस दिवसांनी रंग पुन्हा तपासा. कृमी गेले, खाणं बदललं, तळ गडद आहे, तरी रंग तोच? आता म्हणा, काहीतरी हाती लागलंय.

८. विणीचं गणित

बरेच वेगळे रंग सुप्त असतात, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तेच जनुक आलं तरच दिसतात. त्यामुळे वेगळा मासा साध्या जोडीदाराला लावला की पहिली पिढी सगळी साधी. इथे नव्वद टक्के लोक निराश होऊन पिल्लं वाटून टाकतात. मीही टाकली असती, पण एका जुन्या मित्राने अडवलं. ती साधी दिसणारी सगळी पिल्लं रंग पोटात घेऊन असतात.

त्यातली किमान डझनभर वाढवा. मग दोन रस्ते आहेत. भाऊबहिणींची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू रंगीत. मूळ वेगळा मासा अजून जिवंत असेल आणि त्यालाच त्याचं पिल्लू लावलं तर निम्मी. दुसरा रस्ता जलद आहे, पण जंगली मासा तोवर जगेल याचा भरवसा नाही, म्हणून दोन्ही सुरू ठेवा.

किती पिल्लं बघायची? चारात एक हे प्रमाण असताना दहा पिल्लांत एकही रंगीत न दिसण्याची शक्यता जवळपास ६ टक्के असते, वीस पिल्लांत १ टक्क्याहूनही कमी. म्हणून वीस मोजल्याशिवाय हार मानू नका. आणि या दुसऱ्या पिढीतल्या साध्या दिसणाऱ्या दर तिघांत दोघं रंग वाहणारी असतात, तीही विसरू नका.

काही रंग मात्र प्रबळ असतात आणि पहिल्याच पिढीत दिसतात. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातून २०१० मध्ये पकडलेला 'लाइटनिंग' मरून क्लाउनफिश याचं गाजलेलं उदाहरण. अमेरिकेत मॅट पेडरसन यांनी साध्या जोडीदाराबरोबर त्याची वीण घेतली, आणि २०१२ मध्ये पहिल्याच पिल्लांत विजेसारख्या रेघांचे मासे निघाले.

घाईने पिल्लं निवडू नका. निकाराग्वाच्या तळ्यांतला मिडास सिक्लिड जन्मतः राखाडीच असतो. थोडे मासे मोठे होताना काळा रंग टाकून सोनेरी होतात. दोन महिन्यांच्या पिल्लावर शिक्का मारला असता तर सोनं फेकून दिलं असतं.

बाजारात आधीच असलेला रंग आणि तुमचा रंग एकच आहे का, हे तपासायचा घरगुती उपाय आहे. दोन्ही रंग सुप्त असतील तर दोन्ही मासे एकमेकांना लावा. सगळी पिल्लं रंगीत निघाली तर जनुक तेच, सगळी साधी निघाली तर वेगळं. माझ्या पाटातल्या पिवळ्या किलीला मी दुकानातल्या गोल्डन वंडरची मादी लावली. एकूण एक पिल्लू पिवळं निघालं. फार्महाऊसचा हौद!

९. नोंदी आणि उरलेले मासे

दर पंधरा दिवसांनी फोटो, त्याच दिव्यात, त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून. मोबाइलचं रंग सुधारण्याचं सेटिंग बंद. प्रत्येक टाकीवर पट्टी: नदी, तारीख, पिढी. एका खोऱ्यातले मासे दुसऱ्या खोऱ्यातल्यांत मिसळू नका, एकदा मिसळले की नोंदीला किंमत राहत नाही.

पिल्लं जास्त झाली तर ओढ्यात सोडायची नाहीत, मूळ त्याच ओढ्यातली असली तरी. टाकीतले आजार बरोबर जातात, आणि पुढच्या कोणाच्या तरी मावसभावाला पाटात पिवळा मासा सापडतो.

त्यापेक्षा दोन-तीन भरवशाच्या हौशी लोकांत वाटा, म्हणजे तुमच्याकडे वीज गेली, टाकी फुटली तरी रंग शाबूत राहतो. मी सध्या एका फिकट, काळ्या डोळ्यांच्या गचुआची पिल्लं वाटतो आहे. प्रत्येक पिशवीवर ही चिठ्ठी असते, हवी तर नक्कल करा:

'चन्ना गचुआ, एफ वन. बाप फिकट, काळे डोळे; आई साधी, त्याच खेपेतली. पिल्लं साधी दिसतात, रंग पोटात असण्याची शक्यता. भावंडांशीच जोडी लावावी. झाकण ठेवावं. मेलं तरी कळवावं.'